गुळगुळीत जातं

भिवरा पाटलीणबाईंच्या जात्याला टाकी लावत बसली होती, तेव्हा चावडीवर दवंडी पिटली गेली. "सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक मुलामुलीनं राजधानीच्या महापाठशाळेत दहा वर्षं शिकायचं हो! न येणाऱ्यानं राज्य सोडायचं!"

भिवराचा हात थांबला. दगडाला खाचा पाडायचं हे काम तिला आईनं शिकवलं होतं. आई जाऊन चारच महिने झाले होते. दहा वर्षांत हात सगळं विसरला असता.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, मला पाठशाळेत जायचं नाही."

"का गं? शहाणपण चावतं?" राजा भद्रसेन गुरगुरला.

"नाही. पण मला माझं काम येतं."

"माझ्या चाळीस पंडितांना येत नाही असं कुठलं काम? घाल त्यांना एक प्रश्न! चुकले तर तू मोकळी. नाही तर दहा नाही, वीस वर्षं बसशील!"

भिवरानं दोन जाती मागवली. एक पाठशाळेच्या स्वयंपाकघरातलं, आतून आरशासारखं गुळगुळीत. दुसरं राजवाड्यातलं, नवंकोरं, खरबरीत.

"यातलं कुठलं बारीक दळेल?"

पंडितांनी खल केला. दाराआडच्या दासी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेवटी वाचस्पतीशास्त्री उठले. "गुळगुळीत दगडातून गुळगुळीत पीठ. उघड आहे!"

चाळीस शेंड्या डोलल्या.

भिवरानं त्यात बाजरी ओतली, खुंटा फिरवला. निम्मी बाजरी जशीच्या तशी बाहेर आली!

"बाजरीच अडाणी आहे," शास्त्री पुटपुटले.

खरबरीत जात्यातून मात्र मऊसूत पीठ पडलं.

"महाराज, राजधानीत हा हुकूम गेल्या सालीच निघाला आणि टाकी लावणारी सगळी पोरं तुम्ही वर्गात बसवलीत. तेव्हापासून पंडितांची पोटं दुखतात म्हणे!"

राजा हट्टाला पेटला. "मग हेही पाठशाळेतच शिकवू! दहा वर्षं!"

"शिकवा की! पण तोवर खाल काय? पोथ्या?"

मग राजा असा हसला की मुकुट कानावर आला. "दवंडी फिरवा! ज्याला शिकायचंय त्यानं यावं, बाकीच्यांनी आपापलं काम करावं. पोरी, बक्षीस माग!"

"हत्यारं वाहायला एक गाढव द्या." तिनं पंडितांच्या रांगेकडे पाहिलं. "मुकाट चालणारं. वाद घालणारं नको."

आता शास्त्रीही हसले.

गाढव घेऊन भिवरानं महिन्याभरात चौदा गावांतली जाती नीट केली. घरचं तेवढं राहिलं. त्याच्या वरच्या दगडाला आईनं टाकी लावली होती. खालचा लावण्याआधीच ती गेली, आणि भिवरानं तो अजून तसाच ठेवलाय.