पहारा हलवण्याआधी

एकदा एका लहानशा राज्यात एक मोठा वाद पेटला. राज्य इतके लहान, की पूर्वेच्या वेशीवरून सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी मावळतीला पश्चिमेच्या समुद्रात पाय धुवायचा. पण वादाला जागा कितीशी लागते? पूर्वेला घाट होता आणि घाटापलीकडे घोडेस्वारांचे एक बलाढ्य राज्य. पश्चिमेला खाडी होती आणि खाडीबाहेर गलबतांतून फिरणारी एक परकी सत्ता. या दोघांपैकी आपला मोठा शत्रू कोणता, हा तो वाद. पारावर तोच, बाजारात तोच, न्हाव्यापुढे डोके दिलेला माणूसही मान हलवून तोच वाद घालायचा आणि कापून घ्यायचा. खाडीकडचा जावई घाटाखालच्या सासुरवाडीला सणाला आला, की सासऱ्याशी याच विषयावरून बिनसून ताटावरून उठायचा.

वाद नुसता तोंडचा असता तर कुणाचे काही बिघडले नसते. पण राजाजवळ घोडदळाचे राखीव पथक एकच होते, आणि ते कित्येक वर्षे खाडीच्या तोंडाशी, मिठागरांच्या एका गावात तळ देऊन होते. ते तिथेच ठेवावे की घाटात न्यावे, हे आता ठरायचे होते. पौर्णिमेच्या दरबारात दोन्ही पक्ष ऐकून राजा निर्णय देणार होता. खाडीची बाजू खाडीचे वृद्ध सरदार मांडणार होते. घाटाची बाजू मांडायला निवड झाली एका तरुण पंडिताची.

हा पंडित म्हणजे राजधानीबाहेर नदीकाठी राहणाऱ्या एका आचार्यांचा शिष्य. त्याचा जन्म घाटाखालचा. मागच्या पावसाळ्यात खिंडीतल्या गढीची भिंत ढासळली होती ती अजून उभी राहिली नव्हती, आणि त्या भिंतीच्या भरवशावर झोपणाऱ्या गावात त्याची आई राहत होती. म्हणजे त्याचे म्हणणे काही हवेतले नव्हते. मात्र विद्या आणि तारुण्य एका अंगात आले की माणसाचे नुसते खरे बोलून भागत नाही, समोरच्याला चीतही करावे लागते. त्याने भाषण रचले, घासले, पुसले, आणि त्यात एक वाक्य असे बसवले की ते ऐकून मित्रांनी त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले.

भाषण आचार्यांना ऐकवायला तो नदीकाठी गेला, तेव्हा ते ओसरीवर वाल सोलत बसले होते.

"बस," ते म्हणाले. "हात मोकळे असतील तर तूही सोल. भाषणाला तोंडच लागतं."

शिष्य सोलू लागला आणि बोलू लागला. भाषण खरोखर उत्तम होते. शेवटाकडे ते वाक्य आले. "महाराज, खाडीचे भय हा पोरांना निजवण्यासाठी सांगितलेला बागुलबुवा आहे, आणि बागुलबुवावर नजर ठेवायला कोणी घोडदळ बांधून ठेवत नाही!"

आचार्यांचे हात थांबले. या मुलाला त्यांनी आठव्या वर्षापासून वाढवले होते. त्याच्या तापात ते जागले होते आणि त्याच्या पहिल्या श्लोकातल्या चुकांवर पोट धरून हसले होते. दरबारात तो जिंकणार हे त्यांना स्पष्ट दिसत होते, आणि त्याचीच त्यांना काळजी वाटली.

"सुरेख," ते म्हणाले. "आता असं कर. उद्या खाडीवरच्या त्या मिठागरांच्या गावी जा, कुणाच्या तरी घरी जेव, आणि हेच भाषण त्यांना ऐकव. मग दरबारात बोल."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याचे कान गेले की काय! "आचार्य, विवाद दरबारात आहे. मिठागरात कोण निर्णय देणार?"

"या राज्यात एक जुनी रीत आहे. ज्या गावचा पहारा हलवायचा, त्या गावचं मीठ आधी खावं आणि मग तोंड उघडावं. तुझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत पाळत असत."

"आता कोण पाळतं?"

"कोणी नाही," आचार्य पुन्हा शेंगा सोलू लागले. "म्हणून तर तुला पाठवतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. तूही काढतोयस, पण जाशील."

तो गेला. गुरूची आज्ञा म्हणून गेला, आणि वाटभर कुरकुरत गेला. त्याने मनाशी ठरवले होते की गावकरी चिडतील, चार शब्द वेडेवाकडे बोलतील, आणि आपण त्यांना शांतपणे मुद्द्यांनी गप्प करू. त्यासाठी आणखी दोन मुद्दे त्याने वाटेत तयार केले.

गावात कोणी चिडले नाही. राजधानीचा पंडित आला म्हणताच मिठागरात काम करणाऱ्या मंजुळा नावाच्या एका बाईने त्याला आपल्या घरी नेले, पाय धुवायला पाणी दिले आणि तांदळाची भाकरी आणि वालाचे कालवण वाढले. चार शेजारी उंबऱ्यापाशी येऊन बसले. पंडिताने पोटभर खाल्ले, पाणी प्यायले आणि भाषणाला सुरुवात केली. घाट, खिंड, ढासळलेली भिंत, पलीकडच्या कुरणात चरणारी शत्रूची घोडी. माणसे मन लावून ऐकत होती. भिंतीचे ऐकून एका म्हातारीने 'अरे देवा' म्हटले.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक दिली. भरती लागली होती. बायका उठल्या. अंगणातली पोरे आत आली, दारे लागली, आतून लाकडी आडणे सरकले. दिवसाढवळ्या सारे गाव बंद झाले. आरडाओरडा नाही, धावाधाव नाही. संध्याकाळी दिवा लावावा इतक्या सवयीने सगळे पार पडले. गलबत खाडीत शिरते ते भरतीच्या पाण्यावरच. म्हणून पथक असले तरी भरती असेपर्यंत या गावाची दारे उघडत नाहीत, हे पंडिताला तेव्हा कळले. बंद दाराआड, अंधुक उजेडात, त्याच्याभोवती पोरे दाटीवाटीने बसली होती आणि त्यांतले एकही रडत नव्हते.

"बोला न्," मंजुळा म्हणाली. "मंग दरबारात काय बोलनार?"

त्याने बंद दाराकडे पाहिले. पण विचारलेले टाळणे त्याच्या स्वभावात नव्हते, तेवढा तो प्रामाणिक होता. खाली मान घालून त्याने ते वाक्य म्हटले. मित्रांच्या बैठकीत कडाडलेले ते वाक्य त्या घरात अगदी बारीक आवाजात निघाले.

मग मंजुळा म्हणाली, "पथक न्यायचा तर न्या, बाबा. घाटावर पन मानसाच हायेत, त्यांना पन पोरा हायेत. भिंत परली तर त्यांनी काय करायचा? पन माझा बापूस गलबतवाल्यांनी ह्याच दारातून नेला, मी त्या कोपऱ्यात होते. आमचा भेव खोटा हाय, असा तेवढा कोनाला सांगू नका."

पंडिताजवळ तयार मुद्दे बरेच होते. ते त्याने तिथेच सोडून दिले. त्याला लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटते आहे हे त्याने स्वतःपासून लपवले नाही. भरती ओसरली, दारे उघडली, आणि तो परत निघाला.

"मग?" आचार्यांनी विचारले. "आता घाटाचा पक्ष सोडणार?"

"नाही. भिंत पडलेली आहेच. यंदा पथक तिथंच हवं, असं मला अजूनही वाटतं."

"मग काय बदललं?"

"ते वाक्य काढतो."

"चांगलं होतं रे वाक्य," आचार्य हळहळल्यासारखे म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत हसू मावेना.

पौर्णिमेला दरबार खच्चून भरला. पंडित उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदा खाडीचे सांगितले. भरतीला लागणारी दारे सांगितली, न रडणारी पोरे सांगितली, नेलेला बाप सांगितला. पथक तिथे आहे म्हणून इतकी वर्षे गलबते बाहेरच राहिली असतील, हेही त्याने स्वतःच सांगून टाकले. त्याचे मित्र एकमेकांकडे पाहू लागले. हा बोलतोय कोणाकडून? मग त्याने घाटाचे सांगितले, ढासळलेली भिंत जशी होती तशी. शेवटी म्हणाला, "महाराज, भिंत उभी राहीपर्यंत पथक आम्हाला द्यावे अशी माझी विनंती आहे. पण देताना हे जाणून द्यावे, की आपण ते एका भ्यालेल्या गावाकडून मागून घेत आहोत."

आता पाळी खाडीच्या सरदारांची. ते पंधरा दिवस भाषण पाठ करून आले होते, आणि घाटवाल्यांच्या भित्रेपणावर त्यांनीही एक झणझणीत वाक्य बसवले होते, असे दरबारातले जाणकार सांगत. ते उठले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"महाराज, माझं सगळं तर हाच बोलून गेला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं बोलला. आता मी काय बोलू? पडलेली भिंत मी गेल्या महिन्यात जाताना पाहिली आहे. पथक घाटात जाऊ द्या. भिंत होईपर्यंत माझ्या घरचे स्वार खाडीवर राहतील. थोडे आहेत, पण राहतील. आणि भिंतीला आमच्याकडचे गवंडीही न्या, म्हणजे ती लवकर होईल आणि पथक लवकर परत येईल."

राजाने तसाच निर्णय दिला. ज्या वादाने वर्षभर राज्य ढवळून काढले, तो मिटायला दुपारच्या जेवणाइतकाही वेळ लागला नाही.

दरबार सुटल्यावर आचार्य आणि शिष्य पायऱ्या उतरत होते. म्हाताऱ्याला गुडघ्याने त्रास होई, म्हणून शिष्याने त्यांचा हात धरला होता.

"आचार्य, पण मोठा शत्रू कोणता, ते राहिलंच की."

आचार्य एका पायरीवर थांबले. "ते वर्षावर्षाला बदलेल, बाळ. यंदा घाट, पुढे कदाचित खाडी. ते पाहण्यासाठी डोळे पुरतात, त्याला पंडित लागत नाही. पण आपला शत्रू मोठा ठरवण्याच्या नादात आपण शेजाऱ्याचं भय खोटं ठरवतो. एकदा ते खोटं ठरलं, की ज्या दिवशी तो खरोखर हाक मारतो त्या दिवशी आपल्याला ती ऐकू येत नाही. बाहेरून येणाऱ्याला तेवढं पुरतं. वाद घाल, हवा तेवढा घाल, जिंकही. फक्त भ्यालेल्या माणसाला हसून जिंकू नकोस."

खाली उतरल्यावर शिष्य घराकडे न वळता पश्चिमेच्या वाटेला लागला.

"आता कुठे?" आचार्यांनी मागून विचारले. "रीत झाली की पाळून."

"रीतीसाठी नाही. पथक निघताना तिथं कोणीतरी असायला हवं."

आचार्यांनी त्याला अडवले नाही. दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले.

पथक निघाले तेव्हा सारे गाव बांधावर उभे होते. घोड्यांची धूळ बसली. पाणी चढू लागले होते. मंजुळाने पंडिताला पाहिले, तशी ती जवळ आली. "आता भेव वाटेल," ती म्हणाली.

भिंत लवकर होईल, सरदारांचे स्वार येतच आहेत, घाबरण्याचे कारण नाही. सांगण्यासारखे पुष्कळ होते.

"हो मावशी, वाटेलच," तो म्हणाला, आणि तिच्यामागून घरात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने दाराला आडणा लावला.