निजलेला लॅपटॉप

“…म्हणजे निजलेलाच राहू देऊ, गोठवू, की सरळ बंद करू? तुम्ही म्हणाल ते करतो, बाबा.”

गंगाधरशेठ अंदुरे मठाच्या ओसरीवर बसले होते. मांडीवर शालीत गुंडाळलेला लॅपटॉप. गिऱ्हाइकाने त्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की तो हंडा घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे ओळखणारा माणूस. पण एकुलती लेक कौमुदी तापाने गेली, आणि शेठ गादीवर बसूनही दुकानात नसत.

दवाखान्यात जाताना तिने या लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं. “आलेच हं आप्पा,” म्हणाली होती. तेव्हापासून ते तसंच मिटलेलं, घरी चार्जरला लावलेलं.

महानुभावांचे लोणगावकरबाबा ताटात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला त्यातलं कळत नाही, शेठ. तिन्हींत फरक काय?”

शेठ सावरून बसले. समजावून सांगणं हा त्यांच्या हातचा मळ.

“निजवला की पुढ्यातलं सगळं डोक्यात धरून बसतो, थोडी थोडी वीज पीत. वीज तुटली की सगळं गेलं. गोठवला, तर तेच सगळं पोटात उतरवून घेतो. मग वीज नको. पुन्हा सुरू केला की जिथल्या तिथे. आणि बंद केला तर… उघडं होतं ते मोडतं.”

“मग अडलं कुठे?”

“बॅटरी मरायला टेकली. दुरुस्तीवाला म्हणतो, असाच ठेवलात तर एक दिवस आपोआप विझेल. तिने शेवटचं जे उघडं ठेवलंय, ते जाईल.”

“मग गोठवा की. सौदा तर चोख दिसतो.”

शेठनी शालीची गाठ घट्ट केली.

“व्यापारी माणूस तुम्ही. एवढं विचारायला एसटीचे धक्के खात आलात?”

शेठनी लॅपटॉप छातीशी ओढला.

“गोठवायला आधी काय करावं लागतं?”

“झाकण…” शेठ म्हणाले. “झाकण उघडावं लागतं, बाबा.”

“आणि बंद करायला?”

“तेच.”

बाबांनी ताट बाजूला सारलं. पुढ्यातली चटई हाताने झाडली, आणि मोकळ्या जागेवर हलकेच थोपटलं.

शाल सोडताना शेठच्या बोटांना गाठ सापडेना. अखेर झाकण वर गेलं. आत पंखा घुरघुरला. पडदा उजळला.

शेठ बघतच राहिले. मग त्यांच्या घशातून आवाज निघाला, हसल्यासारखा.

“पत्ते! बाबा, एकटीच पत्ते लावत बसली होती हो! डाव अर्धाच राहिलाय! मी रोज याला उदबत्ती ओवाळली… वाटलं, मला काहीतरी लिहून ठेवत असेल. आणि ही लबाड… ‘हिशेब बघतेय आप्पा’ म्हणायची…”

हसू तिथेच मोडलं. मग ते रडले. दुकानात, स्मशानात, कुठेच रडले नव्हते, तसे.

बाबांनी रडू दिलं.

कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकू लागली. शेठनी उपरण्याने तोंड पुसलं.

“आता तरी सांगा. काय करू? वेळ नाही राहिला.”

बाबा पडद्यावर वाकले. डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले…

“ती काळी सत्ती लाल अठ्ठीवर जाते, शेठ. ठेवा.”