माझी ताई नदीत!

फार दिवसांपूर्वीची गोष्ट. एक घर होतं. घरात चूल होती. पाळणा होता. पाळण्याला लांब दोरी होती. छान होतं हो ते घर!

त्या घरात एक आई होती. ती गोष्टी लिहायची. पोळ्या झाल्या, की पोळपाट पुसायची आणि मांडीवर घ्यायची. त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान ठेवायची. पानामागे लिहायची. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची.

ऐकायला कोण यायचं? ठिपकी मुंगी!

एके दिवशी आईने लिहिलं, 'मुंगी बसली पानावर. पान पडलं नदीत. नदी खळखळ, पान डळमळ, आणि...'

आणि बाळ रडलं. ट्यँहॅ ट्यँहॅ! आईने पोळपाट ठेवला खाली. बाळाला घेतलं मांडीवर.

गोष्टीतली मुंगी म्हणजे ठिपकीची ताईच! ठिपकी घाबरली. "अगं बाई! ताई नदीतच राहिली! बुडेल ना!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली आईकडे.

"आई, आई, लिही ना. माझी ताई नदीत!"

आई म्हणाली, "मांडीवर बाळ. पोळपाट कुठे ठेवू? बाळ झोपेल, तर मी लिहीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली बाळाकडे.

"बाळा, बाळा, झोप ना. आई लिहीना, माझी ताई नदीत!"

बाळ म्हणालं, "अं हं! पाळणा हलेल, तर मी झोपेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली पाळण्याकडे.

"पाळण्या, पाळण्या, हल ना. बाळ झोपेना, आई लिहीना, माझी ताई नदीत!"

पाळणा म्हणाला, "आजोबा ओढतील, तर मी हलेन."

आजोबांच्या हातात पेपर. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. तेव्हाचे आजोबा असेच झोके द्यायचे. पण आज अंगठा गप्प!

"आजोबा, आजोबा, ओढा ना. पाळणा हलेना, बाळ झोपेना, आई लिहीना, माझी ताई नदीत!"

आजोबा म्हणाले, "चहाशिवाय माझा अंगठा हलत नाही गं बयो. चूल पेटेल, तर मी ओढीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. चुलीवर चहाचं पातेलं. राखेत निखारे. पण चूल पेटेना.

"चुलीबाई, चुलीबाई, पेट ना. आजोबा ओढेनात, पाळणा हलेना, बाळ झोपेना, आई लिहीना, माझी ताई नदीत!"

चूल म्हणाली, "माझ्या तोंडाशी मनी बसलीय. वारा आत येईना. मनी उठेल, तर मी पेटेन."

मनीमाऊ ऊब खात बसली होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"मने, मने, ऊठ ना. चूल पेटेना, आजोबा ओढेनात, पाळणा हलेना, बाळ झोपेना, आई लिहीना, माझी ताई नदीत!"

मनीने एक डोळा उघडला. "कुणाची ताई आणि कुठली नदी! मी नाही उठत, जा!"

आता मात्र ठिपकीला राग आला. मुंगी एवढीशी, राग एवढाऽऽ! ती मनीच्या मिशीवर चढली. मिशीवरून नाकात शिरली. गुदूगुदू, गुदूगुदू.

आऽऽऽक्छी!

ठिपकी पडली बाहेर. मनी उठली, टुण्णकन! वारा आला, भुर्रकन! चूल पेटली, भक्कन! चहा उकळला, खदखद. आजोबा प्यायले, फुर्र फुर्र. आईने बाळाला पाळण्यात ठेवलं. आजोबांचा अंगठा हलला. पाळणा झुलला. कुई कुई, कुई कुई. काय गोड वाजायचा तो पाळणा! अजून कानात आहे.

बाळ झोपलं. मांडी मोकळी झाली. पोळपाट आला मांडीवर. आई लिहू लागली. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

ठिपकी कागदाच्या कडेला उभी. बुडली तर? ताई बुडली तर?

आईने तिला पाहिलं. आई हसली. आईने वाचलं,

'नदी खळखळ, पान डळमळ, आणि पान काठाला लागलं! काठावर एक मुंगी उभी होती. एवढीशी. केव्हाची वाट बघत होती. ती म्हणाली, ताई, आलीस?'

ठिपकीने जोरात उडी मारली.

"अगं बाई! ती तर मीच!"