राऊळांचं गाऱ्हाणं

खाडीत मासे मरून तरंगायला लागले, तसा सगळा गाव रसायनांच्या कारखान्यासमोर ठिय्या देऊन बसला. मालक किर्पेकरसाहेब भलते बेरकी. "आमचं पाणी म्हणजे तीर्थ!" असं पत्रकारांना सांगत, त्यांना घेऊनच ते ग्रामदेवाच्या देवळात नारळ ठेवायला आले. मागोमाग गावही आला.

गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे नारळ ठेवणाऱ्याच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा, मान दाजी राऊळांचा. देवाच्या दारी आलेल्याला नाही कसं म्हणणार? दाजींनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या सायबांच्या धंद्याक बरकत दी!"

"होय म्हाराजा!" रीतीप्रमाणे सगळे म्हणाले. साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्येंच्या कारखान्यातला पाणी म्हणजे तीर्थ, म्हाराजा! आमका पाप्यांक ता पचत नाय. ता ह्येंच्याच घराक दी, ह्येंच्या नातवंडांच्या पेल्यात दी!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"अहो, नको! थांबा!" साहेब किंचाळले. कॅमेरे गर्रकन त्यांच्याकडे वळले.

दाजींनी शांतपणे नारळ फोडला. "आयकलंस मा, देवा? सायबांच्या नातवंडांक जा नको, ता आमच्या पोरांकय नको!"

"होय म्हाराजा!"