सोळा वेळा निवळ

"म्हणजे पाणी खोटं बोलतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

जोमाबुवांनी मान वर केली नाही. मांडीवर फाटलेलं जाळं होतं आणि हातातली सुई चालूच होती.

"मग मी खोटं बोलतो?"

"तसं पन नाय."

"मग सही का करत नाही?"

"बस जरा."

सोवनी बसला. आणि लगेच उठला.

हृषीकेश सोवनी पाण्यातला जाणकार. तसं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे इतरांना सांगायची गरज पडत नसे. मोरकोळच्या खाडीत वरच्या कारखान्यांनी तीस-चाळीस वर्षं जे जे सोडलं, ते सगळं तळाच्या गाळात जाऊन बसलं होतं. बंदर खोल करायला घेतल्यावर तो काळा गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न आला. जमिनीवर कुणी घेईना. शेवटी खाडीच्या तोंडाशी पाण्याखालीच मोठा खड्डा खणला, गाळ त्यात ओतला आणि वरून वाळूचा जाड थर पसरून झाकण केलं.

त्या झाकणाखालून काही वर येतं का, आसपासच्या पाण्यात काही उतरतं का, हे बघायचं काम बंदराच्या ऑफिसानं सोवनीला दिलेलं; एरवी तो कॉलेजात शिकवायचा. तो 'ठीक आहे' म्हणेपर्यंत गावाला तिथे जाळी लावायला बंदी.

आता तो ठीक आहे म्हणत होता, आणि ज्यांच्यावरची बंदी उठायची तेच बुवा सही करत नव्हते.

जोमाबुवा जुने तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली, मग ती मुलाच्या हाती देऊन भजनाला बसले, म्हणून बुवा. कुणाचं काही अडलं की गाव त्यांच्या ओट्यावर येई. सोवनीला असल्या ओट्यांचं कौतुक नव्हतं. पण त्याच्या कागदावर 'ग्रामस्थांच्या वतीने' अशी एक रिकामी रेघ होती, आणि गाव म्हणत होतं, बुवांनी केली की आमची झालीच.

कागद पाचच्या आत पोचायला हवा होता. चार वाजून गेले होते.

"हे बघा," सोवनी म्हणाला. त्यानं कागद उलगडला, पण बघितलं त्याचं त्यानंच. "आठ महिने येतोय मी. दर पंधरा दिवसांनी. एकही खाडा नाही. खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाणी घेतलं. वरचं, मधलं, तळाचं. पारा तपासला, शिसं तपासलं, गढूळपणा मोजला. सोळा वेळा! आणि सोळाही वेळा पाणी निवळ."

"निवळ," बुवा म्हणाले.

"अगदी निवळ."

"मग तू येवढा तळमळतोस कशाला?"

सोवनीला राग आला. खरं बोललं की येतो तसला.

कारण गेले आठ दिवस जेवताना, आंघोळ करताना, गाडी चालवताना तेच सोळा आकडे त्याच्या डोळ्यांपुढे येत होते. एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे मुकाट उभे. पाणी असं कधी वागत नाही, हे विद्यार्थ्यांना तोच शिकवत असे. पण एकदा त्याला वाटे, आपलं काम चोख आहे म्हणून आकडे असे. आणि मग पुन्हा वाटे... पुढे काय वाटतं ते तो स्वतःला पुरतं सांगत नसे.

"मी तळमळत नाही," तो म्हणाला आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारून आला.

बुवांनी सुई बाजूला ठेवली.

"तू आयलास का गावात कोन भेटतं तुला?"

"सगळं गाव भेटतं."

"होड्या?"

"सगळ्या किनाऱ्याला." सोवनीचा आवाज जरा सैल झाला. हा विषय त्याच्या आवडीचा होता. "माझ्या कामाच्या दिवशी एकही होडी बाहेर जात नाही, बुवा. कुणी चहा आणतं, कुणी बाटल्या उचलायला येतं. दुसऱ्या गावांत हाकलून देतात आम्हाला. मी अहवालात मुद्दाम लिहिलंय ते."

"काय लिवलंस?"

"ग्रामस्थांनी पाहणीच्या प्रत्येक दिवशी मासेमारी बंद ठेवून उत्स्फूर्त सहकार्य केले."

"पुन्ना वाच."

सोवनीनं पुन्हा वाचलं. या वेळी जरा खड्या आवाजात.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं...

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, मांडीवरचं जाळं खांद्यावर टाकलं आणि धक्क्याकडे चालू लागले. मागे ये असं काही म्हणाले नाहीत. सोवनी घड्याळ बघत मागे गेला.

मोरकोळची जाळी डोलीची. डोल म्हणजे लांबलचक पिशवी. तिचं तोंड खुंटांना बांधून वाहत्या पाण्यात सोडायची. पाणी ओढतं, तोंड उघडतं, आणि पाण्याबरोबर आलेली मासळी आत जाते. माणसानं काही करायचं नसतं, सगळं पाणी करतं.

बुवांनी धक्क्याच्या कडेला उभं राहून खांद्यावरचं छोट्या डोलीचं जाळं तोंडाला दोरी बांधून पाण्यात सोडलं.

ते खाली गेलं आणि लोंबत राहिलं. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या पायजम्यासारखं. तोंड मिटलेलं.

"भरल?" बुवांनी विचारलं.

"काय?"

"जालं. भरल का?"

"कसं भरेल? पाण्याला ओढच नाही."

"का नाय?"

"का नाही म्हणजे..."

"आज तिथी कोनती?"

सोवनीला तारीख ठाऊक होती, वार ठाऊक होता, पाच वाजायला किती मिनिटं उरली तेही ठाऊक होतं. तिथी ठाऊक नव्हती.

"अष्टमी," बुवा म्हणाले. "भांग हाय. पानी झोपलेलं. भांगाला डोल उघडत नाय, मंग दर्यावर जाऊन करायचं काय? मानूस घरी रातो. जालं शिवतो. कोन आयलं गेलं तर त्याला चा पाजतो."



भांग आणि उधाण सोवनीला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी वर्गात फळ्यावर चंद्र काढून तोच समजावायचा. पुनवेला आणि अवसेला पाणी धावतं, ते उधाण. मधल्या अष्टमीला मंदावतं, तो भांग. पण फळ्यावरचा चंद्र पुसून झाल्यावर त्याचा नि आपल्या वेळापत्रकाचा संबंध काय, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

पहिला दिवस त्यानं स्वतः निवडला होता. त्या दिवशी होडी डुलत नव्हती आणि यंत्रातला आकडा कसा स्थिर उभा राहत होता, म्हणून. मग तिथून पुढे दर पंधरा दिवसांनी. शिस्त म्हणजे शिस्त. आज नुसता कागद घेऊन यायचं होतं, तरी सवयीनं तो पंधराव्याच दिवशी आला होता.

तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. भाद्रपदातली अष्टमी... पुन्हा अष्टमी... एखादी सप्तमी, एखादी नवमी... पुन्हा अष्टमी...

सोळा झाल्या तेव्हा तो धक्क्यावर खाली बसला. आज पहिल्यांदाच तो बसून राहिला.

"म्हणजे लोक माझ्यासाठी थांबत नव्हते."

"नाय."

"पाणी झोपलेलं असतानाच मी दर वेळी त्याला विचारत होतो."

जाळं लोंबत होतं...

"उधाणाला तिथे ओढ किती असते, बुवा? खड्ड्यावर?"

"नांगर धरत नाय."

"आणि तळ?"

"बंदीच्या आदी तितं डोली लावायचो आमी," बुवा म्हणाले. "उधाणाला खेचल्या तर निम्मी मासली, निम्मी वालू."

"वाळू?"

"वालू."

आठ महिन्यांपूर्वी बोटी भरभरून जे झाकण पसरलं, ते वाळूचंच होतं.

खिशातला फोन वाजला. दोनदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं उचलला. पलीकडे ऑफिसातले साहेब होते.

"सोवनी, पाच वाजत आले. सही झाली का?"

"नाही झाली. आणि आज कागद येणार नाही."

"का? म्हातारा अडवतोय?"

"नाही. अहवालात चूक सापडलीय. पाहणी पुन्हा करावी लागेल."

"पुन्हा? सोळाच्या सोळा? डोकं ठिकाणावर आहे ना? कुणाची चूक आहे ही?"

सोवनीनं बुवांकडे पाहिलं. बुवा पाण्याकडे पाहत होते.

"माझी," तो म्हणाला.

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. सोवनी "हो" म्हणाला, "हो सर" म्हणाला, मग नुसताच ऐकत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचा कान लाल झाला होता.

त्यानं कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"बंदी उठणार नाही आता," तो म्हणाला. "नारळी पुनवेनंतरचा मोसम जाईल. पाणी चांगलं निघालं तरी जाईल, इतक्या लवकर काही होत नाही आमच्याकडे. आणि वाईट निघालं तर..."

"जाईल," बुवा म्हणाले.

"तुमच्या मुलाचाही."

"त्याचा पन जाईल. तीन तास लांब जातो आता, तसाच जाईल."

हे बोलताना बुवांचा आवाज चढला नाही की पडला नाही. सोवनीला मात्र भरून आलं. आपण चूक केली आणि भोगणार गाव, हे त्याला पहिल्यांदा नीट दिसलं. त्याला माफी मागायची होती. कोणत्या शब्दांत मागावी, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"ऑफिसची बोट उधाणाला खाडीच्या तोंडाशी जाणार नाही," तो एवढंच म्हणाला. "नियम आहे."

"पुनवेला ये. आठ दिवसांनी. माजा पोर नेईल. तोंड वलांडूनच जातो तो, वाटेत तुला खड्ड्यावर धरंल."

"तुम्ही म्हणालात ना, नांगर धरत नाही."

"नांगर नाय धरत. वल्हं धरतात. चार मानसं लागतील, मी सांगतो त्यांना."

सोवनीनं मान हलवली. उठला. चार पावलं गेला आणि गर्रकन वळला. चेहरा पार बदलला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

बुवा दोरी ओढत होते.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला. दर वेळी मी भांगालाच येतोय, हे तुमच्या डोळ्यांसमोर होतं. मी बाटल्या भरतोय, आकडे लिहितोय, फुशारक्या मारतोय, आणि तुम्ही तिकडे त्या ओट्यावर बसून बघताय. आठ महिने! सही मागायला आलो नसतो तर आजही बोलला नसतात. एकदा... एकदा तरी सांगायचंत, बुवा!"

जाळं वर आलं. बुवांनी ते दोन्ही हातांनी पिळलं. पाणी धक्क्यावर सांडलं. बराच वेळ ते पिळतच राहिले...

"मना पन निवळच पानी पायजे व्हतं, पोरा."