साळिंदराच्या दारातली पंगत

एका उंच कड्याच्या पायथ्याशी दाट जंगल होते आणि त्या जंगलातल्या सर्वांत जुन्या उंबरावर एक शेकरू राहत असे. शेकरू कोण, हे ठाऊक आहे ना मुलांनो? झाडावरची मोठी खार. पाठ तांबूस, पोट पिवळसर आणि शेपटी अशी झुपकेदार की फांदीवर बसली तर आधी शेपटीच दिसावी. ही शेकरू स्वभावाने फार टापटिपीची होती. घरट्यातले एक पान इकडचे तिकडे झालेले तिला खपत नसे. जंगलातले लहानथोर तिला शेकरूताई म्हणत.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता कड्याची एक बाजू खचली. भर दुपारी मोठा आवाज झाला आणि दगडमाती घसरत खाली आली. दैव बरे म्हणून कुणाचा जीव गेला नाही, पण उतारावरची बिळे, कपारी आणि ढोल्या पार गाडल्या गेल्या. शेकरूताईने उंबरावरून पाहिले, तर एक पिसोरी आपल्या पाडसाला घेऊन दगडांच्या ढिगाऱ्याभोवती हिंडत होती. पिसोरी म्हणजे सशाएवढे इवलेसे हरीण. कालपर्यंत जिथे तिचे घर होते, तिथले दगड ती पुन्हा पुन्हा हुंगत होती. पाडस भुकेने आईच्या पायात घोटाळत होते.

शेकरूताईला राहवले नाही. तिने एक पिकलेले उंबर खाली टाकले. पाडसाने ते मटकावले आणि वर पाहिले. मग ताईने आणखी टाकले. दुसऱ्या दिवशी पिसोरीबरोबर रानउंदरांचे कुटुंब आले, पाठोपाठ लावा पक्ष्यांची जोडी आली आणि संध्याकाळ व्हायच्या सुमाराला एक कासवही येऊन पोहोचले. शेकरूताई एकटी फांद्याफांद्यांवर धावून दमली. तेव्हा तिने शेजारच्या वानराला आणि पलीकडच्या झुडपातल्या सशाला हाक मारली.

"वानरदादा, तुम्ही लांबच्या झाडांवरची फळं आणा. ससेबुवा, तुम्ही कोवळा पाला आणि कंद गोळा करा. रोज दिवस मावळायच्या आत सगळ्यांच्या पोटात काहीतरी पडलं पाहिजे."

दोघेही मनाने चांगले. लगेच कामाला लागले. असे ते छोटेसे मंडळ उभे राहिले. शेकरूताईने पहिल्याच दिवशी नियम घालून दिले. सगळ्यांनी रांगेत यायचे. पोरांना आधी वाढायचे. घर गमावलेल्यांनाच वाढायचे. हिसकाहिसकी चालायची नाही. वानर झाडावरून बोरे आणी, पण निम्मी वाटेतच संपत. ताईने डोळे वटारले की तो गाल फुगवून म्हणे, "आंबट निघाली तर पोरांचे दात आंबतील, म्हणून चाखून बघत होतो!" ताईलाही मग हसू आवरत नसे.

त्या रांगेत अगदी शेवटी एक म्हातारा साळिंदर येऊ लागला. अंगावर लांब लांब काटे, चाल संथ, आवाज खोल. पोरे सुरुवातीला त्याला भ्यायली. पण तो पाठ खडकाला लावून बसे, म्हणजे काटे कुणाला लागू नयेत. एकच उंबर घेई आणि इतके सावकाश खाई की सगळ्यांचे आटोपले तरी त्याचे चाललेलेच असे. खाता खाता उंदराच्या पिल्लांना कोडी घाली. लाव्याला विचारी, "काय हो, पंख दुखतोय का अजून?" काळोख दाटू लागला की उठे आणि काटे खुळखुळवत झाडीत दिसेनासा होई.

हळूहळू थंडी आली. उंबरावरची फळे विरळ झाली. वानराला लांब लांब जावे लागे, कंद उकरून उकरून सशाचे पाय सोलवटले. कामे वाढली, तशी मंडळात कुरबूरही वाढली. पिसोरीचे पाडस रात्री थंडीने कुडकुडे आणि दिवसा खोके. शेकरूताई त्याच्या वाट्याला जास्तीचा घास घाली, पण खोकला काही हटेना. पोट भरता येत होते. डोक्यावरचे छप्पर कुठून आणणार?

अशात एक दिवस ससा धापा टाकत आला. त्याचे कान ताठ उभे होते.

"ताई, तुम्हाला कळलं का? तो साळिंदर आपल्याला फसवतोय! त्याचं घर शाबूत आहे. पलीकडच्या मोठ्या खडकाखाली. मी डोळ्यांनी बघून आलो. दाराशी कंदांचा ढीग पडलाय, ढीग! आम्ही इकडे पाय सोलून घेतो आणि हा भरल्या घरचा पाहुणा येऊन रांगेत बसतो."

वानर म्हणाला, "म्हाताऱ्याचं एक उंबर ते काय. जाऊ द्या की."

"एक असो नाहीतर अर्धं असो, नियम म्हणजे नियम," ससा म्हणाला. "का हो ताई?"

नियम ताईनेच केला होता. तिला साळिंदराचा रागही आला. पाडस खोकत असताना ज्याच्या घरी ढीग आहे त्याने हात पसरावा, हे तिला मुळीच रुचले नाही. संध्याकाळी साळिंदराची पाळी आली तेव्हा तिने उंबर पुढे केले नाही. सगळ्यांसमक्ष तिने विचारले, "काका, तुमचं घर शाबूत आहे म्हणे?"

"आहे," साळिंदर म्हणाला.

"आणि खायलाही आहे?"

"आहे."

"मग इथे कशाला येता?"

साळिंदराने पुढे केलेला पंजा मागे घेतला. त्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं," एवढे म्हणून तो वळला आणि आला तसा निघून गेला. काट्यांचा खुळखुळ आवाज लांब लांब जात थांबला.

उंदराचे धाकटे पिल्लू म्हणाले, "कालचं कोडं राहिलं की!" आणि रडू लागले. पिसोरीने ताईकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. शेकरूताई घरट्यात परतली. नियमाप्रमाणे वागूनही तिच्या जिवाला चैन पडेना. चोरी पकडली गेली की चोर चिडतो तरी किंवा थापा तरी मारतो. हा म्हातारा असा का गेला?

सकाळ होताच ती फांद्यांवरून उड्या घेत मोठ्या खडकापाशी पोहोचली. सशाने सांगितले ते खरे होते. दाराशी कंद पडले होते. पण ताई जवळ गेली आणि तिने पाहिले, तर कंद सुकून सुरकुतले होते. काहींना बुरशी आली होती. कुणी दातही लावलेला नव्हता. साळिंदर उन्हाच्या तिरिपेत अंग आखडून बसला होता.

"काका," ताई हळूच म्हणाली, "एवढं दाराशी असताना तुम्ही खात का नाही?"

तिला पाहून साळिंदर गडबडला. "या, या शेकरूताई, बसा. कालचं मनावर घेऊ नका. तुमचं बरोबर होतं." मग त्याने एक सुकलेला कंद पंजाने बाजूला सारला. "आमची ही होती तेव्हा दोघं मिळून कंद उकरायचो. ती बोलायची, मी ऐकायचो. गेल्या थंडीत ती गेली. मुलं दुसऱ्या डोंगरावर आहेत, सुखात आहेत. मी अजून उकरतो, सवयीनं. दाराशी आणून टाकतो. पण एकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही हो. तुमच्या रांगेत उतरायचा."

शेकरूताईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. काल तिने जे एकांतात, आपुलकीने विचारायला हवे होते, ते सगळ्यांसमक्ष जाब म्हणून विचारले होते. घर आहे, खायला आहे, एवढ्यावरच निकाल दिला होता.

"काका, मी चुकले," ती म्हणाली. "आज संध्याकाळी या. तुमची जागा तशीच आहे."

साळिंदराने मान हलवली. "आता नको. सगळ्यांदेखत आलो, सगळ्यांदेखत गेलो. पुन्हा पाय उचलणार नाही."

ताईने त्याला पुष्कळ विनवले, पण म्हातारा जागचा हलेना. शेवटी ती परतली आणि तिने वानराला व सशाला बोलावले. घडले ते सारे सांगितले. वानराने डोके खाजवले. सशाचे कान हळूहळू खाली आले.

"मग आता काय करायचं?" सशाने विचारले.

"तो येत नाही, तर पंगत तिकडे न्यायची."

"ताई! बेघरांचं अन्न घेऊन घरवाल्याच्या दारात जायचं?" ससा उडालाच. "तुम्हीच केलेला नियम..."

"मीच केला, मीच मोडते," शेकरूताई म्हणाली. "तुम्ही पाल्याचा भारा उचलता की मी उचलू?"

ससा पुटपुटत राहिला, पण भारा त्यानेच उचलला.

त्या संध्याकाळी सगळी रांग मोठ्या खडकाकडे निघाली. कासवाला वानराने पाठीवर घेतले होते, त्यामुळे कासव फार खुशीत होते. साळिंदराने दारातून पाहिले आणि त्याचे सगळे काटे एकदम उभे राहिले. राग नव्हता तो, गडबड उडाली होती बिचाऱ्याची. उंदराची पिल्ले धावत पुढे गेली. "काका, काका, कोड्याचं उत्तर सांगा!" शेकरूताईने दाराशी भारा सोडला. तिने पोरांना वाढले, आयांना वाढले आणि शेवटी एक उंबर साळिंदरापुढे ठेवले. साळिंदराने ते उचलले आणि घास त्याच्या घशाखाली उतरला.

इतक्यात वारा सुटला. कड्यावरून उतरणारा तो वारा हाडे गोठवणारा होता. लाव्यांनी पिसे फुलवली, उंदीर एकमेकांना घट्ट बिलगले. पाडसाला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. साळिंदराने हातातले उरलेले उंबर खाली ठेवले.

"अरे, दारात काय बसलाय सगळे?" तो जवळजवळ ओरडलाच. "आत चला! मला मेल्याला आधी सुचलं कसं नाही!"

साळिंदराचे बीळ बाहेरून दिसे त्याहून कितीतरी मोठे होते. जन्मभर नवराबायकोने मिळून ते खोदले होते. मुलांसाठी एक दालन, नातवंडांसाठी दुसरे, पाहुण्यांसाठी तिसरे. आत सुके गवत अंथरलेले होते. जमिनीच्या पोटातली ऊब होती. साळिंदराने पाडसाला सर्वांत आतल्या कोपऱ्यात निजवले. स्वतः मात्र काटे दाराकडे करून बसला, म्हणजे वाराही यायला नको आणि कोल्हाही.

उजाडल्यावर कुणी जायला निघाले नाही आणि त्याने कुणाला कधी जाणार असे विचारलेही नाही. आठवडा उलटायच्या आत पाडसाचा खोकला गेला. दाराशी आता ताजे कंद पडू लागले आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एकही उरत नसे. ससा आता साळिंदराबरोबर उकरायला जाई. दोघांचे जमिनीच्या पोतावरून रोज वाद होत आणि ससा घरी आला की आपल्या बायकोला म्हणे, "काकांना काय माहिती आहे गं, बाप रे!"

थंडी संपली. साळिंदर सगळ्यांना उतारावर घेऊन गेला. कुठली माती घसरते, कुठली धरून ठेवते, हे त्याने दाखवले. सर्वांनी मिळून उकरले. उंदरांचे बीळ झाले, लाव्यांचे झुडूप ठरले, कासवाला ओढ्याकाठची सावली मिळाली. पिसोरीने मात्र साळिंदराच्या अगदी शेजारची कपार धरली. पाडस अजून काकांकडेच झोपायचा हट्ट करत होते.

ज्या दिवशी शेवटचे घर तयार झाले, त्या दिवशी शेकरूताई उंबरावर बसून विचार करू लागली. आता जंगलात बेघर कुणी उरले नव्हते. आपले मंडळ संपले, असे तिला वाटले. आनंद होता, पण दिवस कलू लागला तशी छातीत पोकळीही वाटू लागली. शेवटी न राहवून, उगाच एक फेरी मारून येऊ, म्हणून ती मोठ्या खडकाकडे गेली.

तिथे सगळे आधीच बसलेले होते. प्रत्येकाने आपल्या घरून काही ना काही आणले होते. उंदरांनी दाणे, पिसोरीने कोवळी पालवी, कासवाने ओढ्यातली हिरवी भाजी. वानर आणि ससा मधोमध उभे होते.

"हे काय?" ताई म्हणाली. "आता तुम्हा सगळ्यांना घरं आहेत ना?"

"आहेत की," पिसोरी म्हणाली. "घर आहे म्हणून तर पाहुणे बोलावता येतात. बसा ताई."

शेकरूताईच्या लक्षात आले, की इतके दिवस तिने सर्वांना वाढले होते, पण त्यांच्यात बसून एकदाही ती जेवली नव्हती. साळिंदर थोडा सरकला, त्याने काटे जपून बाजूला घेतले आणि आपल्याजवळची जागा मोकळी केली. शेकरूताईने आपली शेपटी नीट गुंडाळली आणि ती त्या रांगेत बसली.

तात्पर्य : कुणाला घासाची भूक असते, कुणाला सोबतीची, म्हणून भुकेल्याला वाढावे आणि त्याच्या शेजारी बसून जेवावेही.