विरजण

“मग तुम्ही का ओढता, बाबा?”

दौलतने विचारलं, आणि त्याचं त्यालाच वाटलं, जरा जास्तच झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण शब्द सुटले ते सुटले.

मोतीगीर बाबा मठाच्या ओट्यावर धुनीपाशी बसले होते. गिरणेच्या पात्रावरून ऊन उतरत होतं. ते रागावले नाहीत.

“माझं ताक झालंय, पोरा,” एवढंच म्हणाले.

आता हे काय उत्तर झालं? दौलत सोळा वर्षांचा, अकरावीत. आई-बाप गेल्यावर याच मठात वाढलेला. महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी इथे धुनीभोवती गांजाची चिलीम फिरते. ज्याच्या हाती ती येते तो पोर राहत नाही, मठाचा गडी होतो, अशी रीत. गेल्या वर्षी बाबांनी त्याला ओलांडून चिलीम पुढे दिली होती आणि गोसावी हसले होते. ते हसू अजून सलत होतं, आणि आज पुन्हा तीच संध्याकाळ होती.

“आज चिलीम दिली नाहीत, तर उद्या मी नदीपलीकडच्या आखाड्यात जातो. तिथे वय विचारत नाहीत.”

बाबांचा चेहरा उतरला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला हा...

“आणि गांजा काय परका आहे का? मी वाचलंय. आपलं शरीर स्वतःच तसलं द्रव्य बनवतं. मेंदूत त्याच्यासाठी कुलपं असतात, कुलपं! किल्ली बाहेरून आली तर बिघडलं कुठं?”

“अस्सं. आणि अंगातली किल्ली काय करते?”

दौलत खुलला. वाचलेलं सांगायला मिळालं की त्याला तहानभूक राहत नसे.

“या वयात मेंदू नव्यानं बांधला जातो. कुठली तार ठेवायची, कुठली तोडायची, त्यात तिचा हात असतो. आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, ती संप्रेरकं... त्यांनाही तीच जरा आवरते, जरा सोडते.”

“किती लागते?”

“थेंब थेंब. जिथल्या तिथं, जेवढ्यास तेवढी. काम झालं की शरीरच ती मोडून टाकतं.”

“आणि बांधकाम संपतं कधी?”

“पंचविशीपर्यंत चालतं म्हणतात...” आवाज खाली आला. मग तो एकदम उसळला. “तुम्हाला नुसतं माझ्या आनंदावर विरजण घालायचंय!”

बाबांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं.

“विरजण... बरी आठवण केलीस. उद्याच्या अभिषेकाचं दही लावायचंय. दूध आण.”

दौलतने चरफडत कोमट दुधाचं मडकं आणलं. बाबांनी चमचाभर विरजण घातलं, ढवळलं, आणि मडकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

“दोन्ही हातांनी धर. हलू देऊ नकोस.”

गोसावी जमले. चिलीम भरली, पेटली, फिरत फिरत बाबांकडे आली. बाबांनी ओढली नाही. वळले, आणि दौलतसमोर धरली.

गोसावी पुढे सरकून बघू लागले.

“घे.”

हातातोंडाशी आलेला घास! पण चिलीम दोन्ही हातांनी घ्यायची असते.

“बाबा... हात मोकळे नाहीत.”

“मडकं ठेव खाली.”

“हललं तर दही लागत नाही. पाणी सुटतं.”

“मग वरून आणखी विरजण घालू.”

“आणखी कशाला? पडलंय तेवढं पुरे! जास्त झालं की आंबतं. आता नुसतं लागू द्यायचं...”

बोलता बोलता तो थांबला.

चिलीम तशीच समोर होती. त्याने हात काढले नाहीत. त्याचे डोळे भरून आले.

बाबांनी चिलीम पुढे दिली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग बाबांनी ते मडकं अगदी अलगद स्वतःच्या मांडीवर घेतलं. चिलीम फिरून पुन्हा जवळ येत होती, आणि दौलतचे हात आता मोकळे होते.

बाबांनी त्याच्या कपाळावर बोट टेकवलं.

“हे मडकं मी धरतो, बाळा... ते तू धर.”